झडप कोणत्या प्राण्याची, हे आधी सांगा

महोदय,

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या वहिनींच्या हृदयाची झडप बदलली. संमतीपत्रावर इंग्रजीत ‘टिश्यू व्हॉल्व्ह’ एवढेच होते. ती गुरांच्या हृदयावरणापासून बनवली आहे, हे डिस्चार्ज कार्डावरून कळले. घर माळकऱ्यांचे, वहिनी दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. आधी कोणी शांतपणे समजावले असते, तर कदाचित त्यांनी स्वतःच होकार दिला असता.

समजावण्यासारखे खूप आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसचे शल्यविशारद आलँ कार्पेंतिए यांनी डुकराच्या झडपा ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवण्याची पद्धत आणली. या रसायनाने ऊतीतील कोलॅजन या प्रथिनाचे धागे एकमेकांना जखडले जातात. ऊती कुजत नाही आणि शरीरही तिला सहसा झिडकारत नाही. बरणीतून काढलेली अशी झडप बसवण्यापूर्वी सलाईनमध्ये पुन्हा पुन्हा धुतात. यांत्रिक झडपेला जन्मभर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या लागतात, हिला बहुधा काही महिनेच. पण हिच्यावर कॅल्शियम साचते. साधारण १० ते १५ वर्षांत ती निकामी होऊ शकते, तरुणांत त्याहून लवकर. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने ऐन तिशीत झडपा खराब झालेले कितीतरी रुग्ण आहेत. त्यांना हा हिशेब आधीच कळायला हवा.

प्राणी कोणता, झडप टिकणार किती, दुसरी शस्त्रक्रिया लागेल का, एवढे तरी संमतीपत्रावर मराठीत छापणे आरोग्य विभागाने सक्तीचे करावे.

– एक वाचक, सातारा