साइडकार सोडवण्याआधी

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो, म्हणून नुसतं 'हो हो' केलं. घरी आल्यावर वाटलं, हे फोनवर सांगण्यातलं नाही. अण्णांच्या बुलेटची साइडकार काढायची म्हणतोस. 'चार बोल्ट तर आहेत, पोरगा नि मी मिळून काढतो' असं तू म्हणालास, तिथेच माझ्या पोटात गोळा आला. आमच्या आबांची साइडकार काढताना मीही हेच बोललो होतो.

काय झालं ते ऐक. साइडकार डावीकडे, म्हणजे आधार डावीकडचा. तो निघाला की गाडी डावीकडेच येणार, असा हिशेब करून आम्ही तिघेही डावीकडे उभे राहिलो. वरच्या दोन तिरक्या दांड्या सोडल्या आणि गाडी अगदी सावकाश उजवीकडे निघाली! धरायला तिकडे कुणीच नाही. लेगगार्ड वाकला, किक फरशीवर आपटली आणि साइडकार अर्धवट उचलली जाऊन माझ्या पायाशेजारी येऊन बसली. पाय वाचला तो नशिबाने.

नंतर उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी समजावलं. साइडकार जोडताना गाडी मुद्दाम तिच्यापासून किंचित बाहेर, म्हणजे उजवीकडे, कललेली ठेवतात. चालताना साइडकार डावीकडे ओढत असते, रस्त्याचा उतारही कडेला म्हणजे डावीकडेच असतो. तो ओढा या कलाने मारला जातो. खालचे सांधे बिजागरीसारखे, आणि गाडीला त्या कलात धरून ठेवतात त्या वरच्या दांड्या. त्या सुटल्या की गाडी कललेल्या बाजूलाच जाणार. एवढी साधी गोष्ट, पण तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

तेव्हा आधी खाली वाकून बघ, तुझ्या गाडीला साइड स्टँड आहे का. साइडकारवाल्या गाड्यांचा बऱ्याचदा कधीच काढून टाकलेला असतो. असला तरी तो डावीकडचा, उजवीकडे पडणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग? भरवसा डबल स्टँडवरच ठेवायचा. साइडकार जोडलेली असताना गाडी स्टँडवर चढवता येत नाही, म्हणून स्टँडच्या दोन्ही पायांखाली फळ्यांचे तुकडे सारून फट भरून काढ. शिवाय तुमच्या पडवीच्या तुळईला दोर टाकून हँडल दोन्ही बाजूंनी ताणून बांध. हे सगळं फरशीवर, अंगणातल्या मातीत नाही. आणि एक माणूस उजवीकडे. बाकी काही विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस.

पाना हातात घेण्याआधी मापं घे. आज तुला वाटतंय की ती परत जोडायचीच नाही, पण काकूंना एखाद्या दिवशी जोतिबाला जावंसं वाटलं तर? मागच्या चाकाला ओळंबा लावून गाडी किती कललीय ते मोज. गाडीच्या दोन्ही चाकांना चिकटवून एक सरळ पट्टी आणि साइडकारच्या चाकाला दुसरी ठेवलीस की दिसेल, दोन्ही पट्ट्या समांतर नाहीत. साइडकारचं चाक पुढच्या बाजूला गाडीकडे थोडं वळवलेलं असतं, साधारण अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक. तो लिहून ठेव. दांड्यांचे किती आटे बाहेर दिसतात ते मोज आणि नट जिथे बसलाय तिथे ऑइलपेंटचा ठिपका दे. मी यातलं काहीही केलं नव्हतं. पुन्हा जोडताना दोन रविवार गेले आणि गाडी तरीही कोकणात जायचंय असल्यासारखी एका बाजूला ओढते.

प्रत्यक्ष काढणं त्या मानाने सोपं आहे. आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर डिझेल सोडून ठेव. सकाळी बॅटरीची वायर काढ, मग साइडकारच्या दिव्याच्या वायरी, आणि त्यांच्या टोकांना लगेच टेप गुंडाळ. साइडकारच्या चाकाला पुढून-मागून विटा लाव. तिच्या चेसिसच्या आतल्या, म्हणजे गाडीकडच्या, पाइपखाली जॅक आणि ठोकळे हवेतच, कारण तिला चाक एकच. सुटल्या क्षणी ती आतल्या बाजूला बसते आणि नाक तरी खाली टाकते, नाहीतर शेपूट. आधी वरच्या दांड्या, मग खालचा मागचा सांधा, सगळ्यात शेवटी खालचा पुढचा. बोल्ट हातोडीने ठोकावा लागतोय म्हणजे त्याच्यावर अजून वजन आहे असं समज. जॅक जरासा वरखाली कर, एका जागी तो बोटांनी निघून हातात येईल. नाहीच आला तर चहा पी, पण ठोकू नकोस.

काढल्यावर डावीकडचा खालचा क्लॅम्पही काढ, वळणावर गाडी झोपली की तो रस्त्याला घासेल. त्यातली एखादी पट्टी इंजिनाच्याच बोल्टवर बसवलेली असेल तर तिथे योग्य लांबीचा बोल्ट घाल, भोक रिकामं सोडू नकोस. टायर मात्र बदलावे लागतील, याला इलाज नाही. साइडकारची गाडी झोपतच नाही, त्यामुळे टायर मधोमध सपाट झिजतात आणि सुटी गाडी वळणाच्या सुरुवातीला अडखळते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या आर-६०/२ ला तर पुढच्या फोर्कच्या सांध्याला दोन जागा दिलेल्या असायच्या, एक साइडकारसाठी आणि एक सुट्या गाडीसाठी. आपल्या बुलेटला ही चैन नाही.

कागदांचं म्हणशील तर १९८८च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलच्या व्याख्येतच सुटी करता येणारी साइडकार धरलेली आहे. तरी आरसी बुकात तिची नोंद असेल तर आरटीओत विचारून घे, विमावाल्यांनाही कळव.

खरी भीती मला याच्या पुढची आहे. अण्णांनंतर अकरा वर्षं तू हीच गाडी चालवतोयस. गॅस दिला की डावीकडे ओढ, ब्रेक मारला की उजवीकडे, आणि हे सगळं तुझे हात तुला न विचारता सांभाळतात. हँडल डावीकडे फिरवलं की गाडी डावीकडे, रिक्षासारखी. सुट्या गाडीचं गणित उलटं. वेगात असताना डावीकडे वळायचं तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची, मग ती त्या बाजूला झोपते. कॉलेजात येझदीवर आपण हे नकळत करायचो. आता घाबरून हँडल फिरवलंस तर समोरच्या ट्रककडे जाशील. म्हणून पहिला आठवडा मैदानात, एकट्याने. मागे पोराला बसवायचं नाही.

आणि पाय! साइडकार काढल्यावर तिसऱ्या दिवशी मी दसरा चौकात सिग्नलला थांबलो. दोन्ही पाय वर, सवयीने. पोत्यासारखा आडवा झालो. शेजारचा रिक्षावाला उचलायला आला आणि म्हणाला, "मालक, तिसरं चाक घरी विसरलं काय?" आबा आठ दिवस हसत होते.

काकूंना नमस्कार सांग. साइडकार भंगारात घालू नकोस. ठोकळ्यांवर ठेव, वर ताडपत्री टाक आणि खालून हवा खेळू दे. नाहीतर पत्रा तळातून सडतो, आमचा सडला.

तुझा,
दिन्या

ता.क. पुढच्या शनिवारी मी येतोय, रिंग पाने घेऊन. तोवर डिझेल सोड, मापं घे, पण वरच्या दांड्यांना हात लावू नकोस. उजवीकडे मी उभा राहणार आहे.