'ड्रॅगन एज २' : फसली ती घाई, कथा नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणकीय खेळांवर आलेल्या लेखात 'ड्रॅगन एज २' या गेमची फसलेला दुसरा भाग म्हणून एका वाक्यात बोळवण केलेली वाचली. या गेममध्ये बरेच काही ढळढळीत फसले आहे, याबद्दल वाद नाही. परंतु त्याच्या कथेत जे धाडस होते, तेही वाचकांपुढे यायला हवे, म्हणून हे पत्र.

पहिल्या भागात, म्हणजे 'ओरिजिन्स'मध्ये, खेळाडूने सहा जन्मकथांपैकी एक निवडायची आणि अख्खे राज्य वाचवायचे, असा प्रशस्त पट होता. बायोवेअर या कॅनडातील कंपनीने दुसऱ्या भागात ती मळलेली वाट सोडली. इथला हॉक (खेळाडू ठरवेल त्याप्रमाणे पुरुष किंवा स्त्री) हा जीव मुठीत धरून कर्कवॉल या बंदरात पोहोचलेला निर्वासित आहे. शहरात शिरण्यासाठी त्याला भाडोत्री लढवय्यांकडे किंवा तस्करांकडे वर्षभर राबावे लागते. आईच्या माहेरचा वाडा मामाने जुगारापायी घालवलेला असल्यामुळे सारे कुटुंब गरीब वस्तीतल्या मामाच्या कोंदट घरात दिवस काढते. गावाहून येऊन लालबाग-परळच्या चाळीत नातेवाइकांच्या खोलीत पथारी टाकलेल्यांच्या मुलानातवंडांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पुढची सुमारे सात वर्षे, तीन अंकांत, आपण हेच एक शहर बदलताना पाहतो, आणि काही गोष्टी कितीही जपून खेळलो तरी टाळता येत नाहीत. दुसऱ्या अंकात हॉकच्या आईचा जो शेवट होतो, त्यातून तिला वाचवण्याचा एकही पर्याय दिलेला नाही. अशा गेममध्ये आपण सर्वशक्तिमान असतो, या सवयीला बसलेला तो धक्का मला आजही मोलाचा वाटतो.

हॉकबरोबर लढणाऱ्या सोबत्यांची मांडणी तर त्याहून सरस आहे. पहिल्या भागात सोबती नाराज होत गेला की नाते तुटत जाई. इथे मैत्रीप्रमाणेच मतभेदाचेही नाते घट्ट होऊ शकते. गुलामगिरीतून पळालेला फेनरिस जादूगारांचा द्वेष करतो. त्याच्याशी सतत वाद घालूनही त्याचा आदर मिळवता येतो. चोरलेल्या ग्रंथासह पसार झालेली इझाबेला शहर पेटलेले असताना परत येते की नाही, हेही आपण तिच्याशी नाते किती जोडले यावर ठरते.

आता दोष. पहिला भाग नोव्हेंबर २००९ मध्ये आला आणि दुसरा मार्च २०११ मध्ये, म्हणजे अवघ्या सोळा महिन्यांनी, आणि ही घाई पावलोपावली दिसते. तीच गुहा, तेच गोदाम, तोच वाडा पुन्हापुन्हा समोर येतो. कधी एक वाट दगडी दाराने बंद, कधी दुसरी. पण कोपऱ्यातल्या छोट्या नकाशात मात्र अख्खी गुहा जशीच्या तशी उमटलेली असते! लढाईत विचारपूर्वक रचना करावी, जादूगाराला मागे सुरक्षित उभे करावे, तर शत्रूंची दुसरी तुकडी नेमकी त्याच्याच पाठीमागे अवतरते. डावपेचांना अर्थच उरत नाही. सोबत्यांची चिलखते बदलण्याची सोयही काढून टाकलेली आहे.

यातले बरेचसे मी माफ करीन, शेवट मात्र नाही. जादूगार आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारे टेम्प्लर यांच्यातील संघर्ष तीन अंक संयमाने चढवत नेलेला आहे, दोन्ही बाजूंना खरे मुद्दे आहेत, आणि मग आपण जादूगारांची बाजू घेतली तरी त्यांचा प्रमुख ऑर्सिनो निषिद्ध रक्तजादूने राक्षस होऊन आपल्यावरच चालून येतो. लढाईचा एक प्रसंग वाढवण्यापलीकडे त्याला कारण दिसत नाही, आणि ज्या खेळाडूने मनापासून बाजू निवडली त्याच्या निवडीची किंमत तिथे शून्य होते.

अशा कलाकृतींचे गुणदोष एका वाक्यात मावत नाहीत. नाटक-चित्रपटांच्या परीक्षणांना आपण जशी नियमित जागा देता, तशी पुरवणीत महिन्यातून एकदा तरी गेमच्या परीक्षणाला द्यावी आणि ते गेम शेवटपर्यंत खेळलेल्या व्यक्तीकडून लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
दादर, मुंबई