चार्जशीट तरी मराठीत द्या

संपादक साहेब, स. न.

पेपरात संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या कामगारांच्या बातम्या येतात त्या बोनसच्या नाहीतर आंदोलनाच्या. एखाद्याला सस्पेंड केल्यावर आत काय चालतं ते बाहेर येत नाही, म्हणून लिहितोय.

मी या पट्ट्यातल्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायच्या विभागात, १७ वर्षं ऑपरेटर आहे. मागच्या वर्षी नाईटला माझ्या मशीनचा सेफ्टी सेन्सर बंद पडला, मी सुपरवायझरला म्हणलं मेंटेनन्सला बोलवा, सेन्सर चालू झाला की लगेच जॉब लावतो, तो म्हणला टार्गेट कोण देणार, शब्दाला शब्द वाढला आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो तर गेटवरच सस्पेंशनचं लेटर. (सेन्सर मात्र त्याच दिवशी बदलला म्हणे.)

चार दिवसांनी चार्जशीट, म्हणजे कंपनीनं लावलेल्या आरोपांचा कागद, गावाकडं आली. तीन पानं, सगळी इंग्रजीत. माझं शिक्षण दहावी आणि आयटीआय. पोरगी बारावीला, तिनं मोबाईलवर एकेक शब्द बघून सांगितलं, बाबा तुम्ही मुद्दाम हुकूम मोडला असं लिहिलंय. उत्तराला ४८ तास, त्यातला एक दिवस हे समजण्यातच गेला.

मग कंपनीतच चौकशी झाली, तिच्यात प्रश्न मराठीत आणि टायपिंग इंग्रजीत. मी म्हणलं "सेन्सर बंद होता म्हणून मशीन चालवली नाही". पानावर आलं, मशीन चालवली नाही हे मान्य आहे. सेन्सर गायब! माझ्या बाजूनं बसलेला आमच्याच डिपार्टमेंटचा मित्र थोडं इंग्रजी जाणतो, त्यानं सही करू दिली नाही, आधी पेनानं मराठीत लिहायला लावलं की माझं उत्तर पूर्ण घेतलेलं नाही. त्या एका ओळीनं नोकरी वाचली असं मला वाटतं. वॉर्निंग लेटर मिळालं, एक इन्क्रिमेंट गेलं, चार महिने घरी बसलो ते वेगळंच. सस्पेंशनमध्ये पहिले ९० दिवस अर्धा पगार आणि नंतर पाऊण असा नियम, पण बँकेचा हप्ता काही अर्धा होत नाही.

नंतर चार लोकांना विचारलं तर कळलं की आपल्या राज्याच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे नोकरीच्या अटी आणि शिस्तीच्या नमुना नियमांत, चौकशी मराठीत पाहिजे की दुसऱ्या भाषेत हे कामगारानं सांगायचं असतं. मला कोणी विचारलंच नाही आणि मलाही माहीत नव्हतं. स्टँडिंग ऑर्डरसाठी केंद्राचा १९४६ चा कायदा होता, त्यात तर स्टँडिंग ऑर्डर बहुतेक कामगारांना कळेल त्या भाषेत गेटजवळ लावायची असं स्पष्ट होतं. बाजू न ऐकता घाईघाईत काढलं तर राज्याच्या अनुचित कामगार प्रथांबद्दलच्या १९७१ च्या कायद्यानं कोर्टात जाता येतं, पण मुदत ९० दिवसांची, ती इंग्रजी कागद घेऊन याच्या त्याच्या दारात फिरण्यातच संपते.

सगळे कामगार धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही, नाईटला पिऊन येणारे मीही बघितलेत, त्यांच्यावर कारवाई करा ना, पण काय केलं म्हणून करताय ते त्याला कळेल असं लिहून द्या. ठेकेदाराकडच्या पोरांना तर कागदच नाही, उद्यापासून येऊ नको म्हणलं की संपलं.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे नवीन लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, आलेत. सस्पेंड केलं तर चौकशी ९० दिवसांत संपवायची हे त्यात चांगलं आहे. पण स्टँडिंग ऑर्डर ३०० किंवा जास्त कामगार असतील तिथंच, आधी केंद्राच्या कायद्यात १०० होते. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यातल्या मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या छोट्या व्हेंडर कंपन्यांत एवढे कामगार कुठं असतात? मग तिथल्या माणसानं काय दाखवायचं?

लेबर ऑफिसच्या साहेबांनी एकदा गेटागेटावर जाऊन स्टँडिंग ऑर्डरचे बोर्ड बघावेत. आमच्याकडं आहे बोर्ड, टाइम ऑफिसच्या आत, कपाटामागं, इंग्रजीत. कॅन्टीनचा मेनू तेवढा मराठीत आहे.

एक प्रेस ऑपरेटर, वाळूज
(नाव छापू नये ही विनंती, अजून नोकरी करायचीय)