सैतान पडला, पण खेळ संपला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सवात आमच्या भागातल्या एका तरुण मंडळानं जुन्या व्हिडिओ गेमची स्पर्धा घेतली, त्याची बातमी आपल्या अंकात फोटोसकट आली. रांगोळी, पाककला, संगीत खुर्ची यांच्या पंगतीत कुणाला तरी हे सुचलं, याचं मला खरंच कौतुक वाटलं. पण बातमीत म्हटलंय की विजेत्यानं ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ हा महाकठीण गेम ‘शेवटपर्यंत पूर्ण केला’. हे चुकीचं आहे, आणि ते चुकीचं असल्याचा पुरावा आपणच छापलाय.

फोटोत विजेता दोन्ही हात वर करून उभा आहे. त्याच्या खांद्यावरून मागच्या टीव्हीचा पडदा दिसतो. ई-पेपरवर तो भाग मोठा करून बघा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर आहे. ही खोली म्हणजे आभास आहे, सैतानानं रचलेला सापळा आहे, न डगमगता पुढं जा, असा त्याचा अर्थ. हा मजकूर शेवटचा राक्षस पहिल्यांदा मेला की येतो. त्यानंतर गेम आपल्याला उचलून पुन्हा पहिल्या टप्प्यावर, जिथून खेळ सुरू होतो त्या स्मशानात आणून सोडतो. आता तेच सगळे टप्पे परत खेळायचे, आणि या खेपेला ते जास्त अवघड असतात. दुसऱ्यांदा तो राक्षस पाडला तरच खरा शेवट दिसतो. तोही कसा, तर चुकीच्या स्पेलिंगचं अभिनंदन करतो, गोष्ट सुखान्त झाली असं मोडक्या इंग्रजीत सांगतो आणि वर ‘सुरुवातीला जा, पुन्हा लढ’ असं म्हणतो. फोटोत यातलं काहीही नाही. थोडक्यात, आपण ज्याला विजयाचा क्षण म्हटलंय तो गेमनं पोराला दिलेला चकवा आहे.

हा म्हातारा कोण शहाणा, असं कुणी विचारण्याआधी सांगतो. मिरजकर तिकटीच्या बाजूला माझं व्हिडिओ गेम पार्लर होतं. ऐंशीचं दशक संपता संपता सुरू केलं. पुढं घरोघरी कॅसेटचे गेम आले, तसं ते मोडून त्याच जागेत झेरॉक्स टाकलं. मशीन म्हणजे सुताराकडून करून घेतलेलं प्लायवूडचं खोकं, आत टीव्हीची पिक्चर ट्यूब आणि मुंबईहून आणलेला गेमचा सर्किट बोर्ड. पोरं खेळायची दांडी (जॉयस्टिक) अशी ओढायची की तिचा रॉड झिजून खुळखुळा व्हायचा. नवा रॉड मी उद्यमनगरात लेथवर करून घ्यायचो. मूळच्या जपानी रॉडपेक्षा आमचा जास्त टिकायचा, हे अभिमानानं सांगतो. गॅसच्या लायटरचा खटका नाणं टाकायच्या फटीजवळ दाबून फुकट डाव मिळवणारी पोरंही बघितली. त्यातले काही आज मोठ्या पदांवर आहेत आणि समोर आले की मान खाली घालून जातात.

तर हा गेम. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९८५ साली पार्लरच्या मशीनसाठी काढला, घरी खेळायची आवृत्ती १९८६ ची. करणाऱ्याचं नाव तोकुरो फुजिवारा. आर्थर नावाचा सरदार राजकन्येबरोबर स्मशानात बसलेला असतो, तेही नुसत्या चड्डीवर. (बसायला दुसरी जागा मिळाली नाही का, हा प्रश्न आमच्या पार्लरमध्ये रोज विचारला जायचा.) राक्षस राजकन्येला पळवतो, आर्थर चिलखत चढवतो आणि डावीकडून उजवीकडं पळत सुटतो. एक फटका बसला की चिलखत खळ्ळकन गळून पडतं आणि सरदार पुन्हा चड्डीवर. दुसरा बसला की हाडांचा ढीग. म्हणजे एका लाईफमध्ये दोनच फटके. शिवाय प्रत्येक टप्प्याला वेळ लावलेली. मेला की टप्प्याच्या सुरुवातीला, फार तर मध्यावर.

पण पोरांना रडवलं ते फटक्यांनी नव्हे, उडीनं. या गेममध्ये एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. बाकीच्या गेममध्ये उडी चुकली तर हवेतल्या हवेत थोडं मागं सरकता येतं. इथं पाय जमिनीवरून सुटला की तुम्ही कुठं पडणार ते ठरून गेलेलं असतं. समोरून भूत येताना दिसतंय, आपण त्याच्यावरच पडणार हे कळतंय, आणि हातात दांडी असून उपयोग शून्य. त्यात आर्थर भाले फेकतो, पण एका वेळी ठराविकच भाले हवेत राहू शकतात, त्यामुळं बटण बडवून काही होत नाही. लांबचा नेम चुकला तर तो भाला पडद्याबाहेर जाईपर्यंत तुम्ही रिकामे.

शस्त्रांचं तर विचारूच नका. भुतं मडकी घेऊन येतात, मडकं फुटलं की कधी शस्त्र पडतं. त्याला पाय लागला की हातातलं जाऊन ते नवं आपोआप हातात येतं, हवं असो वा नसो. सुरी मिळाली तर सोनं. पण मशाल मिळाली तर संपलं. ती कमानीत उडते, जवळच पडते आणि जमिनीवर जळत बसते, तोवर पुढचा मारा अडतो. मशाल दिसली की मागची सगळी पोरं एका सुरात ‘नको, नको, नको’ ओरडायची आणि खेळणारा नेमका तिच्यावरच उतरायचा. उडीचं वर सांगितलंच. शेवटाजवळ तर एक ठराविक शस्त्र हातात नसेल तर गेम पुढं सोडत नाही, मागच्या टप्प्यापासून पुन्हा खेळायला लावतो.

आणि तो लाल पंखवाला! पहिल्याच टप्प्यात तो जमिनीवर पंख मिटून गप बसलेला असतो. त्याला आम्ही ‘लाल्या’ म्हणायचो. मूळ नाव रेड अरीमर. बाकीची भुतं ठरलेल्या वाटेनं येतात, हा मात्र तुमचा भाला येताना बघून बाजूला होतो, वर चढतो, घिरट्या घालतो आणि नेमका झेपावतो. पळणाऱ्याला हमखास धरतो. त्याच्या झेपेची वाट बघत उभं राहायचं आणि तो खाली येताना समोरासमोर भाला घालायचा, एवढाच मार्ग. हे कळायला पोरांची कितीतरी नाणी गेली. लाल्या इतका गाजला की कंपनीनं १९९० मध्ये त्यालाच नायक करून ‘गार्गॉइल्स क्वेस्ट’ नावाचा वेगळा गेम काढला.

लोक म्हणतात हे गेम मुद्दाम अवघड केले, नाणी खायला. त्यात तथ्य आहे, मी गल्ल्यावर बसलोय. एक पोरगं एका रुपयात दुपार काढायला लागलं तर लाईटबिल कशातून भरायचं? पण सगळं कंपनीच्या हातात नव्हतं. बोर्डावर पांढऱ्या खटक्यांची बारीक रांग असते. लाईफ किती द्यायचे, गेम सोपा ठेवायचा का कठीण, हे मालक त्यावर ठरवतो. मी कधी कठीणवर टाकला नाही. अति केलं तर पोरं दुसऱ्या पार्लरला जातात. पोराला हरल्यावर ‘माझी चूक झाली’ असं वाटलं पाहिजे. ‘मशीन चोर आहे’ असं वाटलं तर तो परत येत नाही. या गेमचं तेच मर्म होतं. लाल्या सोडला तर भुतं कुठून येणार याचा अंदाज बांधता यायचा, उडी कुठं पडणार ते आधीच ठरलेलं, म्हणून शिकता यायचं.

आता मुख्य मुद्दा. स्पर्धेच्या दिवशी मी थोडा वेळ मांडवात उभा होतो. टीव्हीला आजकाल मिळते ती हजारो जुन्या गेमची डबी लावली होती. या डबीत पाहिजे तिथं खेळ साठवून ठेवायची सोय असते. मेलात की साठवलेल्या जागेपासून परत सुरू. प्रत्येक स्पर्धकाच्या शेजारी एक कार्यकर्ता निव्वळ ‘सेव्ह’ दाबायला बसवला होता! लाल्या पडला, सेव्ह. पूल ओलांडला, सेव्ह. मशालीवर पाय पडला? मागं जा, मडकं फोडूच नको. वेळ संपेपर्यंत जो सगळ्यात पुढं तो विजेता. निवेदक माईकवरून ‘नाद खुळा’ ओरडतोय, टाळ्या पडताहेत, आणि मला काही बोलवेना.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला लागू नये. खासबागेत माणसं येतात ती निकाली कुस्ती बघायला. पाठ लागली तर लागली, नाहीतर नाही. पट काढताना चुकलेल्या पैलवानाला ‘थांबा, मघाच्या पकडीपासून पुन्हा लावतो’ अशी सवलत पंचानं दिली, तर मैदानातून काय आवाज येईल ते इथं लिहिता येत नाही.

सवलतीला माझा विरोध नाही, सवलतीचं नाव लपवायला आहे. ‘काँट्रा’ या गोळीबाराच्या गेमचंच घ्या. घरच्या आवृत्तीत मुळात तीन लाईफ. सुरुवातीला दोनदा वर, दोनदा खाली, डावं-उजवं, डावं-उजवं आणि पुढची दोन बटणं दाबली की तीस मिळायचे. ही कळ पहिल्यांदा आली १९८६ साली, कोनामीच्या ‘ग्रेडियस’ या गेममध्ये. काझुहिसा हाशिमोतो घरच्या आवृत्तीचं काम करत होते, तपासताना गेम त्यांना स्वतःलाच जमेना, म्हणून त्यांनी ती आपल्या सोयीसाठी घातली. यात लाज कसली? आमची पोरंसुद्धा सरळ सांगायची, ‘तीस लाईफवर क्लिअर केला.’ तीन लाईफवाल्याला मान वेगळा, तीसवाल्याला वेगळा, आणि दोघं शेजारी बसून खेळायचे. खुद्द फुजिवारांनी २०२१ मध्ये हाच गेम नव्यानं केला, ‘रेझरेक्शन’ नावानं. त्यात काठिण्याच्या चार पायऱ्या आहेत. सगळ्यात सोप्या पायरीवर मेलेल्या जागीच परत उठता येतं. पण त्या पायरीला नाव आहे, हुजऱ्याची पायरी. हुजऱ्या म्हणून खेळून कुणी सरदार म्हणून ढाल नेत नाही.

विजेत्या मुलाबद्दल माझं काही म्हणणं नाही. सेव्ह करून का होईना, त्यानं शेवटचा राक्षस पाडला, आणि उडीचा त्याचा अंदाज चांगला आहे. लाल्यासमोर तो पळाला नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. चूक पंचांची. त्यांनी पडद्यावरचा मजकूर वाचलाच नाही, चित्र थांबलं म्हणजे खेळ संपला असं समजले. आणि बातमी देणाऱ्यानं मंडळाचा कागद जसाच्या तसा छापला.

तेव्हा विनंती दोन. एक, ‘पूर्ण केला’ या शब्दांची दुरुस्ती करावी. ‘सेव्हची सवलत घेऊन पहिली फेरी पूर्ण केली’ असं छापलं तरी पुरे, मुलाची ढाल त्याच्याकडंच राहू दे. दोन, पुढच्या वर्षी स्पर्धा गुणांवर घ्या. पडद्याच्या वरच्या बाजूला गुण दिसतात, ते काही शोभेला नाहीत. प्रत्येकाला तीन लाईफ, सेव्ह बंद, तिन्ही संपले की जागा सोडायची. आमच्या पार्लरमध्ये हेच चालायचं. लाईट गेली की मशीन सगळे आकडे विसरायचं, म्हणून दारात पाटी टांगलेली असायची. महिन्यातला सगळ्यात मोठा आकडा आणि नाव त्यावर खडूनं. ते नाव पुसून स्वतःचं घालायला पोरं गंगावेशीपासून सायकली हाणत यायची. अख्खा गेम कुणी संपवला की नाही, याला फारशी किंमत नव्हती. दुसऱ्या फेरीपर्यंत पोचणारे आमच्याकडं तरी बोटावर मोजण्याइतके.

आणि ज्याला छातीठोकपणे ‘पूर्ण केला’ म्हणायचंय, त्याच्यासाठी वेगळा दिवस ठेवा, दोन्ही फेऱ्यांचा. मांडवात गर्दी होणार नाही, एवढं आधीच सांगतो. पंच म्हणून मी येईन, मानधन नको, पाठीला टेकायला खुर्ची मात्र लागेल.

आपला नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. नाव आणि पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे, पण कृपया छापू नये. आमचा नातू त्याच मंडळाच्या ढोलपथकात आहे, आणि सेव्ह दाबायला बसवलेल्यांपैकी एक तोच होता.