मग चंपालाही वेगळं ठेवायचं होतं

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

कलावंताला त्याच्या कलाकृतीपासून वेगळं ठेवून पाहावं, हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. लिहायला आज, सोमवारी बसले आहे. काल बसले असते तर जे लिहिलं असतं ते तुम्हाला छापता आलं नसतं.

लेखकमहाशयांचं वाचन दांडगं आहे, यात वाद नाही. चित्रकार काराव्हाज्जोने १६०६ साली एका माणसाला ठार मारलं, संगीतकार वाग्नर ज्यूद्वेष्टा होता, चित्रकार गोगँ ताहितीत कोवळ्या पोरींबरोबर राहत होता, आणि तरी यांची कला थोर ती थोरच. रोम, वाग्नरचं बायरॉइट, ताहिती असा सगळा दौरा झाला. महाराष्ट्रात मात्र त्यांची गाडी थांबली नाही. परदेशातल्या मेलेल्या माणसांबद्दल उदार होणं सोपं असतं. त्यांच्या घरचं कुणी आपल्याला भाजी बाजारात भेटत नाही.

पिकासोच्या बायकांशी आपल्याला काय करायचंय, चित्रं बघा, असंही ते म्हणतात. अहो, पण चित्रांत त्याच बायका आहेत ना! फ्रान्स्वाझ जिलोने त्याला सोडलं आणि १९६४ साली त्याच्याबरोबरच्या वर्षांवर पुस्तक लिहिलं, तर ते थांबवायला हा गृहस्थ ऐंशी ओलांडल्यावर कोर्टात गेला होता. कोर्टाने काही ऐकलं नाही. माणूस आणि चित्रं इतकी वेगवेगळी होती तर म्हातारपणी कोर्टाची पायरी कशाला चढायची?

असो. पिकासोशी माझं भांडण नाही.

१९८६ साली आमच्या गावातल्या संस्थेने राज्य नाट्य स्पर्धेसाठी विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ घेतलं. मी तेवीस वर्षांची होते. नवऱ्याला सोडून सखारामच्या घरी राहायला येणाऱ्या चंपाचं काम मला मिळालं. बाइंडरचा इतिहास तुमच्या वाचकांना सांगायला नको. १९७२ साली तेरा प्रयोगांनंतर बंदी, मग दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले, जिंकले, वगैरे. गावात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की हे ‘ते’ नाटक आणि त्यातली चंपा म्हणजे ‘ती’ बाई, स्टेजवर दारू पिणारी. (बाटलीत कोरा चहा असायचा. तोही थंड आणि बिनसाखरेचा.)

बसवणारे आमचे सर. नाव लिहीत नाही. गावाला कळेल, इतरांना कळून उपयोग नाही. रोजची तालीम संपली की सर म्हणायचे, “तू थांब, चंपा अजून अंगात आलेली नाही.” बाकीचे घरी जायचे. मग चंपा दारू पिऊन सखारामच्या अंथरुणाकडे जाते तो प्रसंग पुन्हा घ्यायचा, तोही सखारामशिवाय. सखारामच्या जागी सर स्वतः.

यापुढचं लिहायची गरज नाही. बायका वाचतील त्यांना कळेल.

सखारामचं काम करणारा एक साधा कारकून होता. बोलायला अगदी बुजरा. पण स्टेजवर चढला की पहिल्या रांगेतली माणसं खुर्चीत मागे सरकायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या काहीतरी लक्षात आलं असावं. तालीम संपल्यावर तो जिन्यात थांबायला लागला. सरांनी विचारलं तर म्हणाला, सायकल पंक्चर आहे, चालतच जायचंय, हिला घरी सोडतो. त्यानंतर प्रयोगाच्या दिवसापर्यंत त्याची सायकल रोज पंक्चर होत राहिली. एका शब्दाने त्याने मला कधी काही विचारलं नाही.

संस्थेच्या चिटणिसांकडे मी गेले होते. वडिलांच्या वयाचे, देवभोळे गृहस्थ. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे बघ पोरी, माणूस म्हणून सर कसेही असोत, दिग्दर्शक म्हणून जिल्ह्यात तोड नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शीक.”

तेव्हा संपादक महोदय, तुमचा लेख मी एकोणचाळीस वर्षांपूर्वीच ऐकला आहे. ताहितीचा उल्लेख तेवढा नव्हता.

प्रयोग झाला, उत्तम झाला. सरांना दिग्दर्शनाचं पहिलं पारितोषिक, मला अभिनयाचं प्रमाणपत्र. सखारामला चौकातल्या गणपती मंडळाने शाल दिली आणि नारळ दिला. त्याला कुणी सखाराम म्हटलं नाही, बाईवर हात उगारणारा म्हटलं नाही. काय नट आहे, म्हटलं. मी मात्र चंपा झाले. वाणी पुडी बांधताना ‘काय चंपाबाई’ म्हणायचा आणि दुकानातली पोरं हसायची. आई प्रयोगाला आली होती, ती मध्यंतरात उठून गेली. रात्री घरी पोचले तर ताट वाढून झाकून ठेवलेलं, आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडलेली.

साडी मावशीची नेली होती, गडद हिरवी, जरीच्या काठाची. धुऊन, इस्त्री करून परत द्यायला गेले तर मावशी दारातच म्हणाली, “राहू दे तुलाच.” तेंडुलकरांच्याच ‘गिधाडे’त साडीवरचा लाल डाग परिनिरीक्षण मंडळाला, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरला, खुपला, तेव्हा तो निळा करून प्रयोग केले होते म्हणतात. माझ्या मावशीच्या साडीवर तर कुठल्याच रंगाचा डाग नव्हता.

एक स्थळ ठरत आलं होतं. मुलाच्या काकांनी प्रयोग पाहिला. पत्रिका परत आली. मुलगी चांगली आहे, पण, असा निरोप. त्या ‘पण’च्या पुढे काही नव्हतं. (नंतर माझं लग्न झालं, चांगलं झालं. त्याचा इथे संबंध नाही.)

आता सांगा, वेगळं कोणाला ठेवलं? सरांनी जे केलं ते खरंच केलं होतं आणि त्यांना नाटकापासून वेगळं ठेवलं. मी जे केलं ते खोटं होतं, तेंडुलकरांनी लिहिलेलं होतं, बाटलीत चहा होता, आणि मला नाटकाला कायमचं चिकटवलं. तुमच्या लेखकांचा सिद्धांत एवढाच सार्वत्रिक असेल तर तो आमच्या गावात फक्त पुरुषांच्या बाजूनेच का चालला, याचा त्यांनी पुढच्या रविवारी खुलासा करावा. दीड पानाची जागा तुम्ही त्यांना देताच.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे निळूभाऊ, निळू फुले. मूळ नाटकातला सखाराम त्यांचाच. राष्ट्र सेवा दलातला माणूस, ‘एक गाव एक पाणवठा’साठी राबलेला, आणि सिनेमातल्या पाटील-सरपंचांमुळे खेड्यातल्या बायका त्यांना बघून पदर सावरायच्या म्हणतात. पण त्या गोष्टीचा आपल्याकडे किस्सा झाला. सत्काराच्या भाषणात सांगायचा, लोकांनी हसून टाळ्या वाजवायच्या. वाणी मला चंपाबाई म्हणायचा, त्याचा किस्सा मला अजून कुठल्याही भाषणात सांगता आलेला नाही.

प्रामाणिकपणे एक गोष्ट लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई सूड उगवते आहे. सरांचं बाइंडर चांगलं होतं. नुसतं चांगलं नाही, त्यानंतर मी मुंबई-पुण्यात पाहिलेल्या दोन-तीन बाइंडरांपेक्षा चांगलं. सखारामच्या घरातली दुसरी बाई, लक्ष्मी, मुंगळ्याशी बोलते तेव्हा अख्ख्या नाट्यगृहात खोकण्याचा आवाज येत नसे. चंपा आपल्या नवऱ्याला, त्या फौजदार शिंदेला, मारते तिथे मी जीव खाऊन ओरडत होते. सर म्हणाले, “ओरडू नकोस. हिशेब चुकता करतेस तसं मार. मोजून.” ते बरोबर होतं. आजही एखाद्या पोरीला शिकवायचं झालं तर मी हेच सांगेन, आणि सांगताना माझ्या पोटात ढवळेल. सखारामची वासना, त्याची ती मालकी सरांना इतकी बिनचूक कशी कळायची, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. पुढे पडला. तालमीनंतर दिवे मालवून जे चालायचं आणि दिवे लावून जे बसवलं जायचं, ते एकाच ठिकाणाहून येत होतं. मग मी कापू कुठे? तुमच्या लेखकांकडे कात्री असेल तर पाठवून द्या.

म्हणून नाटक करू नका, पुस्तक जाळा, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही, त्यांत माझी भर नको. माझ्या घरी एका फळीवर नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह ‘गोलपिठा’ आहे, १९७२ सालचा, तेंडुलकरांचीच प्रस्तावना असलेला. त्याला टेकून त्यांच्या बायकोचं, मलिका अमर शेख यांचं, आत्मकथन ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आहे, १९८४ सालचं. बायकोने त्या संसाराबद्दल जे लिहिलंय ते वाचून ढसाळांच्या ओळीची धार माझ्यासाठी बोथट झाली नाही. पण पहिलं तोंडपाठ आणि दुसरं उघडलेलंच नाही, अशी माणसं ‘कवितेकडे बघा, कवीकडे बघू नका’ म्हणतात तेव्हा मला ऐकवत नाही. मलिकाबाई स्वतः कवयित्री आहेत. त्यांची ओळख करून देताना मात्र आधी शाहीर अमर शेखांची मुलगी, मग ढसाळांची बायको आणि वेळ उरला तर कविता. त्यांना कोण वेगळं ठेवतं?

आता तुमच्याबद्दल थोडं. गेल्या महिन्यात आमच्या सरांचा पंच्याहत्तरीचा सत्कार झाला. तुमच्या अंकात अर्धं पान, मध्यभागी त्यांचा तरुणपणचा फोटो, त्यात डावीकडे कडेला मी आहे. फोटोखाली सगळ्या पुरुषांची नावं आणि शेवटी ‘व इतर कलाकार’. त्या संध्याकाळीच मी चार ओळींचं पत्र पाठवलं होतं. आरोप नव्हता, फक्त माझं नाव आणि चंपाची भूमिका एवढी दुरुस्ती. छापून आली नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, जागेअभावी. त्याच दिवशी त्याच पानावर आंबा महोत्सवाची चार कॉलमी जाहिरात होती आणि शेजारी आपण स्वतः कुठलासा पुरस्कार स्वीकारतानाचं छायाचित्र. अभिनंदन.

हे पत्र लांबलं आहे हे मला दिसतंय. कापायचं असेल तर पिकासो कापा. साडी कापू नका.

माझं नाव छापू नये. तेव्हा छापायचं होतं.

आपली,
एक जुनी वाचक

ता. क. आमच्या नाट्यगृहाच्या नूतनीकरणाची बातमीही तुम्ही त्याच आठवड्यात दिलीत. नव्या खुर्च्या, नवा पडदा, उद्घाटनाची फीत, सगळं आलं. मी मुद्दाम आत जाऊन आले. बायकांच्या रंगपटाच्या दाराला आतून कडी नाही. १९८६ सालीही नव्हती. तेव्हा आम्ही खुर्ची लावायचो, आता नव्या फरशीवर ती खुर्ची सरकते.