राणीछाप रुपये चिंचेने घासू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की पुरवण्यांमधून चांदी चकचकीत करण्याचे घरगुती उपाय छापून येतात. चिंच, रांगोळी, दातांची पावडर. तांब्या-निरांजनापुरतं ते ठीक. पण त्याच घमेल्यात लक्ष्मीपूजनाचे राणीछाप, म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा असलेले चांदीचे रुपयेही पडतात, म्हणून हे पत्र. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, चांदीची मोड तोलण्यात माझी नोकरी गेली आणि नाण्यांचा नादही तिथेच लागला.

सराफाचा हिशेब सरळ असतो. बंदा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयांत मात्र चांदी निम्मीच, वजन तेवढंच. म्हणून आजीच्या पुरचुंडीतले सगळे रुपये एकदम काट्यावर टाकू नयेत, आधी साल वाचून वेगळे काढावेत. हा झाला तळाचा भाव. संग्राहकाचा भाव त्याच्या वर सुरू होतो, आणि तो नाण्याच्या वयावर ठरत नाही.

‘दीडशे वर्षांचं नाणं आहे’ म्हणत लोक १८६२ चा रुपया घेऊन येतात. टाकसाळींनी ते एकच साल १८७४ पर्यंत तसंच चालू ठेवलं होतं, त्यामुळे ही नाणी रग्गड आहेत. संग्राहक त्यावरचे ठिपके मोजून प्रकार पाडतात, आणि एखादाच प्रकार दुर्मीळ निघतो. उलट १९११ चा रुपया बघा. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी मागे घेऊन बहुतेक वितळवली. उरली त्यांना मागणी आहे. १९३९ चा रुपया तर इतका दुर्मीळ की त्याच्या नकलाच जास्त भेटतात. आपल्याकडे घरोघरी सापडणारी दुदांडी शिवराई (तांब्याचं जुनं नाणं) ‘शिवाजी महाराजांच्या हयातीतली’ म्हणून दाखवतात. ती पेशवाईत भरपूर पाडली गेली. देव्हाऱ्यात ठेवावी, लाखांची आशा धरू नये.

खरा फरक पडतो तो झिजेने. भिंग घेऊन राणीच्या कानावरचे केस आणि पोशाखावरची नक्षी पाहावी, कारण आधी तेच जातं. नक्षी शाबूत असेल तर त्याच सालाच्या गुळगुळीत रुपयापेक्षा भाव कितीतरी चढतो. आणि नेमकी ही नक्षी आपण चिंच-रांगोळीने साफ करतो. वरचा काळपट थर म्हणजे घाण नव्हे, चांदीला वर्षानुवर्षं चढलेला रंग आहे. घासलेलं नाणं भिंगाखाली नांगरलेल्या रानासारखं दिसतं, आणि जाणता गिऱ्हाईक ते पाहूनच परत करतो. माळेत ओवायला कडी लावलेल्या रुपयाचंही तेच. कडी काढली तरी मुकुटाच्या वर झाळणाचा डाग राहतो, मग तो पुन्हा चांदीच्या भावात.

किंमत बघायची तर लिलावात प्रत्यक्ष किती रकमेला नाणं गेलं ते बघावं. मोबाइलवर कुणीही पाच रुपयांच्या वैष्णोदेवीच्या नाण्यापुढे दहा लाख लिहितो, लिहायला काय जातंय! आमच्या गल्लीतल्या एका वहिनींकडे अशाच एका ‘खरेदीदारा’ने आधी नोंदणीचे पैसे मागितले, वर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र पाठवलं. जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात आपण नाही आणि कसलंही कमिशन घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे.

तेव्हा यंदाच्या पुरवणीत त्या उपायांखाली एक ओळ जरूर छापावी: जुनी नाणी यातून वगळा, फारच धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढून मऊ फडक्याने नुसती टिपा. लक्ष्मीला काळा रुपया चालतो.

आपला,
गुजरीतला एक निवृत्त मुनीम
शिवाजी पेठ, कोल्हापूर