लेन्स नवी, भिंगे तीच

महोदय,

कॅमेऱ्याच्या लेन्सविषयी लिहिताना ‘नवी आवृत्ती म्हणजे अधिक शार्प’ असे सर्रास ठोकून दिले जाते. कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ या ईएफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी) ऑटोफोकस लेन्सपुरते तरी ते खरे नाही. एफपुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे. १९८७ची पहिली आवृत्ती, १९९०ची मार्क टू आणि २०१५ची एसटीएम या तिन्हींत पाच गटांत सहा भिंगे आहेत आणि त्यांची मांडणीही मूळचीच आहे. एसटीएमच्या भिंगांवरचा लेप सुधारल्यामुळे उजेड समोरून आला की फरक जाणवतो, एवढेच. बाकी जे बदलले ते भिंगांभोवतीचे.

पहिलीला धातूचा माउंट आणि अंतर दाखवणारी पट्टी होती. वजन १९० ग्रॅम. मार्क टूमध्ये दोन्ही गेले आणि वजन १३० ग्रॅमवर आले. ही लेन्स पडली की पुढचा भाग मागच्यापासून निखळतो, हे तिचे जुनेच दुखणे. एसटीएममध्ये धातूचा माउंट परत आला, पट्टी मात्र आली नाही. छिद्र लहान-मोठे करणाऱ्या डायाफ्रामच्या पाकळ्या पाचाच्या सात झाल्या. त्यामुळे एफ/२.८ला मागचे धूसर दिवे मार्क टूमध्ये पंचकोनी दिसतात, तर एसटीएममध्ये बरेच गोलसर. फिल्टर ५२ऐवजी ४९ मिमीचा लागतो. जवळात जवळचे फोकस ४५ सेंटिमीटरवरून ३५वर आले, आणि माझ्या मते रोजच्या वापरात सर्वांत उपयोगी बदल हाच.

मग मार्क टूचे फोटो मऊ, म्हणजे किंचित धूसर, येतात अशी तक्रार का असते? बहुतेक वेळा दोष भिंगाचा नसून चुकलेल्या फोकसचा असतो. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर एफ/१.८ला एक मीटरवर जेमतेम चार सेंटिमीटरची खोली स्पष्ट येते. डोळ्यावर धरलेला फोकस थोडा जरी चुकला तरी डोळा धूसर होतो. मार्क टूची छोटी मोटर कमी उजेडात पुढे-मागे घरघरत राहते आणि दर वेळी नेमकी त्याच जागी थांबेल याची खात्री नसते. एसटीएमची स्टेपर मोटर मोजून पावले टाकते.

पडताळून पाहायचे तर याच वर्तमानपत्राचे पान भिंतीवर ताठ चिकटवा. कॅमेरा अडीच मीटरवर ट्रायपॉडवर, भिंतीला समांतर ठेवा. आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, चित्र दहापट मोठे करून हाताने फोकस करा आणि एफ/१.८, २.८ व ५.६ला एकेक फोटो घ्या. मग व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसने एफ/१.८लाच दहा फोटो घ्या, पण प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवा. हाताने केलेल्या फोटोत अक्षरे स्वच्छ आणि दहांपैकी काही धूसर असतील, तर भिंग निर्दोष आहे. दहाही सारखेच धूसर आले, तर कॅमेऱ्यातले फोकसचे सूक्ष्म समायोजन करून पाहावे. काही धूसर, काही स्वच्छ आले तर त्या समायोजनाचा उपयोग नाही.

एसटीएमलाही खोडी आहेत. तिची फोकस रिंग विजेवर चालते, म्हणजे कॅमेरा बंद असताना फिरवून काही होत नाही. पुढची नळी बाहेर आलेली असताना कॅमेरा बंद केला तर ती तशीच राहू शकते, आणि बॅगेत दाब बसला की आतल्या यंत्रणेला इजा होऊ शकते. म्हणून आधी अनंतावर फोकस करून नळी आत घ्यावी, मग स्विच बंद करावा. मार्क टूमध्ये उलटी काळजी लागते: ऑटोफोकस चालू असताना तिची अरुंद रिंग जबरदस्तीने फिरवू नये, गिअरवर ताण येतो.

वापरलेली लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे आहेत का ते पाहा. एफ/८ लावून डेप्थ ऑफ फील्डचे बटण दाबा. पाकळ्या झटक्यात मिटल्या पाहिजेत, रेंगाळल्या तर घेऊ नका. पडद्यावर ‘एरर ०१’ आले तर लगेच लेन्स नाकारू नका. मागचे सोनेरी संपर्कबिंदू स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसून ती पुन्हा लावून पाहा.

– एक वाचक